निबंध तुझाच आहे ना?

असाइनमेंटचे गठ्ठे आले की हल्ली आमच्या स्टाफरूममध्ये एकच विषय असतो, कोणी किती मारलंय. पूर्वी पोरं कॉपी मारायची, आता एआय मारतात, क्रियापद तेच राहिलं. एक सर आहेत ते पोराच्या वहीचा फोटो काढतात, त्यातलं लिखाण टेक्स्टमध्ये करून घेतात, हे किती टक्के एआयने लिहिलंय ते सांगणाऱ्या कुठल्यातरी फुकटच्या वेबसाइटवर टाकतात आणि मोठ्याने आकडा वाचून दाखवतात, "अठ्ठ्याहत्तर टक्के... हा बघा, ब्याण्णव!" आणि बाकीचे माना डोलावतात. मला तो आकडा ऐकला की डोक्यात जातं. का जातं ते एकदा नीट लिहून काढायचं होतं, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी उपनगरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, आर्ट्स आणि कॉमर्स दोन्हीकडे, आणि माणसं कमी म्हणून डिग्रीच्या पोरांच्या प्रोजेक्टच्या वायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेलाही, मलाच बसवतात. एका डिव्हिजनला शंभरच्या आसपास पोरं. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते शंभर पोरांच्या वर्गातलं आहे, परदेशातल्या पंधरा पोरांच्या सेमिनारमधलं नाही, तिथल्या युक्त्या इथे अर्ध्याही चालत नाहीत.

आधी एक गोष्ट मान्य करूया की हे आता सगळ्यांकडे आहे. नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं तेव्हा पहिलं वर्षभर आमच्याकडे ती फक्त इंग्लिश मिडियमवाल्या पोरांची गंमत होती. मग व्हॉट्सअॅपमध्येच ते मेटाचं निळं गोल आलं, आणि २०२५ मध्ये तर वाटपच सुरू झालं, एअरटेलवाल्यांना पर्प्लेक्सिटी वर्षभर फुकट, जिओच्या अनलिमिटेड फाइव्हजीवाल्यांना जेमिनी दीड वर्ष फुकट, नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीचा गो प्लॅन भारतात वर्षभर फुकट. ज्या पोराच्या घरी गाईड घ्यायला दोनशे रुपये नसतात त्याच्या फोनमध्येही हे आहे. तेव्हा "आमच्या मुलांना ते जमत नाही" असं म्हणणारे शिक्षक भेटले की मला त्यांचा हेवाच वाटतो.

आपल्याकडचा सगळ्यांचा आवडता उपाय म्हणजे हाताने लिहून आणा. फुलस्केपवर, निळ्या पेनने, समास सोडून. याने एआय थांबतं असं ज्यांना वाटतं त्यांनी सकाळच्या लोकलमध्ये एकदा बघावं, मांडीवर सॅक, सॅकवर फुलस्केप, आणि समोर मैत्रिणीने धरलेला मोबाइल, त्यातून बघून बघून उतरवणं चाललेलं असतं. हाताने लिहिल्याने एवढंच होतं की शिक्षकाला ते मशीनमध्ये टाकून तपासायचा कंटाळा येतो. पण या उतरवण्यात जे पुरावे मागे राहतात ते मात्र भारी असतात. निबंधाची सुरुवातच "नक्कीच! खाली सुमारे ३०० शब्दांचा निबंध दिला आहे" अशी. उपशीर्षकाच्या दोन्ही बाजूंना पेनने काढलेले दोन-दोन तारे, कारण मोबाइलवर ते तसे दिसत होते, मग असतील काहीतरी. चौकटी कंसात "तुमच्या गावाचे नाव", आणि गावाचं नाव भरलेलंच नाही. आणि शेवटी, उपसंहाराच्या खाली, सुंदर अक्षरात, "हवे असल्यास मी हा निबंध अधिक सोप्या भाषेत लिहून देऊ शकतो." हे वाचून मी स्टाफरूममध्ये इतकी हसले की शिपाई काका आत डोकावून गेले. पण हसून झाल्यावर कळतं की या पोराने फसवायचा प्रयत्नसुद्धा धड केला नाहीये, त्याने आपल्याच हाताने लिहिलेलं वाचलेलंच नाही. आणि त्याला खात्री होती की मीही वाचणार नाही. ही खात्री त्याला कोणी दिली हा प्रश्न जरा टोचतो.

असे निबंध पकडायला काही लागत नाही. आणि पोरं शिकतात, दुसऱ्या टर्मला तारे गायब होतात. मग उरतं ते भाषेवरून ओळखणं, आणि इथे मराठीच्या शिक्षकाला थोडंफार काहीतरी दिसतं हे खरंय. यंत्राच्या मराठीत सगळे परिच्छेद एका उंचीचे असतात. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक उपदेश. गोष्टी कायम तीनच्या गटात येतात, कष्ट, जिद्द आणि चिकाटी, प्रेम, आपुलकी आणि जिव्हाळा. "हा केवळ पाऊस नाही, तर एक भावना आहे" हे वाक्य मी या वर्षात इतक्या वह्यांत वाचलंय की खरा पाऊस पडला तरी मला तेच आठवतं. सगळं काही कुठली ना कुठली "महत्त्वाची भूमिका बजावत" असतं, वाक्याखाली इंग्रजी वाक्य उभं असतं, नुसती मराठी कपडे घालून. आणि मुंबईवर लिहायला सांगितलं की स्वप्ननगरी, कधी न झोपणारं शहर, डबेवाले, वडापाव, मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त, याच क्रमाने. भांडुपच्या डोंगरावर राहणारं पोरगं मरीन ड्राइव्हला वर्षातून एकदा जात असेल तर जात असेल, त्याच्या निबंधात पाण्याची लाइन, रिक्षा वर चढत नाही ते, पावसात दरड येईल म्हणून नोटीस लावून जातात ते, यातलं एक अक्षर नाही.

उलट पोराने स्वतः लिहिलं की ते लगेच दिसतं. "मला बक्षीस भेटलं." "मी त्याला बोललो." "आम्ही गेलेलो तेव्हा." "आणि"ची णी दीर्घ, "पाणी"ची मात्र ऱ्हस्व. एकच वाक्य अख्ख्या पानभर, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. अर्ध्यात विषय सोडून मामाच्या लग्नात गेलेला निबंध. हे वाचताना आधी माझा लाल पेन शिवशिवायचा, आता असा निबंध आला की बरं वाटतं, घरचं कोणीतरी भेटल्यासारखं.

पण थांबा. इथेच बहुतेक जण घसरतात. भेटलं म्हणणाऱ्या पोराने एकदम "प्राप्त झाले" लिहिलं म्हणजे ते एआयच, असं नसतं. मोठ्या ताईने लिहून दिलेलं असू शकतं, क्लासच्या सरांनी वर्गाला डिक्टेट केलेलं असू शकतं, गाईडमधलं असू शकतं. एका निबंधात आजी अंगणात तुळशीवृंदावनाजवळ बसून गोष्टी सांगते, आणि पोरगा राहतो झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, एसआरएच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर. यंत्रच, दुसरं काय! पण मग आठवलं की हे अंगण, ही तुळस, ही गोष्टी सांगणारी आजी आमच्या वेळच्या गाईडमध्येही अशीच होती, आणि आमच्यातल्या कितीतरी जणांची आजी तेव्हा चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बिड्या वळत होती किंवा पापड लाटत होती. "सूर्य उगवला नाही तर", "मी नदी बोलतेय", "मोबाइल शाप की वरदान", या निबंधांत लिहिणारं पोर कुठे असायचंच नाही, आणि नसलं तरी दहापैकी आठ मार्क मिळायचे, शेजारी "छान". चांगला निबंध म्हणजे सुरुवातीला सुविचार, मध्ये फायदे तोटे, शेवटी देशाचं भलं, असं आपण मिळून ठरवून टाकलं होतं. यंत्राने तोच साचा उचलला आणि तो साचा त्याला आपल्यापेक्षा चांगला जमतो. यात यंत्राचं काय चुकलं मला अजून कळलेलं नाही.

आणि अनुभवी शिक्षकाला वाचून कळतंच, हाही एक गोड गैरसमज आहे. इंग्लंडमधल्या रीडिंग युनिव्हर्सिटीत संशोधकांनी स्वतःच्याच परीक्षेत ३३ बनावट विद्यार्थी घुसवले, त्यांची उत्तरं पूर्ण चॅटजीपीटीने लिहिलेली, तपासणाऱ्यांना पत्ता नाही. २०२४ मध्ये ते छापून आलं, ९४ टक्के पेपरांवर कोणाला शंकासुद्धा आली नाही, आणि वर त्या बनावट विद्यार्थ्यांना सरासरीने खऱ्या पोरांपेक्षा जास्त मार्क पडले. आपल्याला जे कळतात ते कच्चे चोर, पक्के आपल्या हातून नव्वद घेऊन जातात आणि आपण वर शाबासकी देतो.

आता ते टक्के. ही डिटेक्टर नावाची गोष्ट काय करते ते समजून घेतलं तर अर्धा राग तिथेच शांत होतो. एआय लिहितं कसं, तर पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त ते बघत बघत. डिटेक्टर उलटं बघतो, की या लिखाणात पुढचा शब्द किती सहज ओळखता येतोय. फार सहज ओळखता आला, वाक्यं एकसारखी असली, की म्हणतो यंत्र. म्हणजे त्याच्याकडे पुरावा काही नसतो, फक्त हे लिखाण सपाट आहे एवढंच तो सांगतो. आता मला सांगा, मराठी माध्यमातून आलेलं, इंग्रजीला घाबरणारं, मोजके शब्द येणारं, चूक होऊ नये म्हणून छोटी छोटी पाठ केलेली वाक्यं लिहिणारं एफवायचं, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं पोरगं कसं लिहिणार? सपाटच लिहिणार ना.

हे नुसतं माझं म्हणणं नाहीये. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर घेऊन बघितलं. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी परदेशी विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले ९१ निबंध टाकले, तर सरासरी साठ टक्क्यांहून जास्त निबंधांना डिटेक्टर यंत्राचे म्हणाले. अमेरिकेतल्या आठवीच्या पोरांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. आणि खरी गंमत पुढे आहे, तेच टोफेलचे निबंध चॅटजीपीटीला देऊन भाषा जरा भारी करून घेतली, तेव्हा चुकीचा ठपका बसायचं प्रमाण एकदम खाली आलं. म्हणजे स्वतः लिहिणारा अडकला आणि एआयने पॉलिश मारलेला सुटला! आमच्या डिग्रीच्या वर्गात कोण अडकेल ते मी नावानिशी सांगू शकते, आणि ती सगळी पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या घरांतली पोरं आहेत.

बरं, हे बनवणाऱ्यांनाच जमलं नाही. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं ओळखयंत्र काढलं होतं, ते एआयच्या लिखाणातलं फक्त २६ टक्के पकडत होतं आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर आळ घेत होतं, हे आकडे त्यांनी स्वतःच दिलेले. त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी म्हणून बंद केलं. कॉपी पकडायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या टर्निटिनने एप्रिल २०२३ मध्ये स्वतःचं आणलं, चूक एक टक्क्याहून कमी असं सांगून, तर अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीने साधा हिशोब केला, वर्षाला आमच्याकडे ७५ हजार पेपर जातात, एक टक्का धरला तरी ७५० पेपरांवर खोटा आळ, आणि ऑगस्टमध्ये ते बटण बंद करून टाकलं. हे सगळं इंग्रजीचं झालं. मराठीच्या वहीचा फोटो काढून, त्यातलं टेक्स्ट अर्धंमुर्धं चुकीचं वाचून घेऊन, फुकटच्या वेबसाइटने सांगितलेला ब्याण्णवचा आकडा... जाऊ दे.

अजून एक घोळ होतो तो यूजीसीच्या नियमांमुळे. २०१८ चा वाङ्मयचौर्याचा नियम आहे, त्यात साम्याचे टप्पे आहेत, १० टक्क्यांपर्यंत चालतं, मग ४० पर्यंत, ६० पर्यंत, त्यापुढे, अशा वाढत्या शिक्षा. पीएचडीवाल्यांना ते पाठ असतं. त्यामुळे टक्का दिसला की आपल्या लोकांना तो तोच टक्का वाटतो. पण साम्याचा रिपोर्ट तुम्हाला दाखवतो की हे वाक्य या ठिकाणाहून आलंय, शेजारी मूळ मजकूर असतो, पोरालाही दाखवता येतो, तो म्हणू शकतो की सर मी खाली संदर्भ दिलाय बघा. एआयच्या टक्क्याशेजारी दाखवायला काहीच नसतं. पोराने त्याच्याविरुद्ध बोलायचं तरी काय? हरियाणातल्या एका खासगी युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलने एलएलएमच्या, म्हणजे कायद्याच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला ८८ टक्के एआय म्हणून नापास केलं, तो पंजाब-हरियाणा हायकोर्टात गेला, नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट, आणि केस चालू असतानाच युनिव्हर्सिटीने त्याला पास केलं. तो वकिलीचं शिकत होता म्हणून कोर्टात गेला. आमची पोरं "सॉरी मिस" म्हणून गप्प बसतील.

आणि प्लीज चॅटजीपीटीलाच विचारू नका की हा निबंध तू लिहिलास का. मे २०२३ मध्ये टेक्सासमधल्या एका प्राध्यापकाने हेच केलं, ते हो म्हणालं, त्याने वर्गाचे मार्क अडकवले, आणि देशभर हसं झालं. ते कशालाही हो म्हणतं, त्याला आठवत वगैरे काही नसतं.

मग करायचं काय? बोलायचं. एवढंच. पोराला बसवून त्याच्या निबंधाबद्दल पाच मिनिटं बोलायचं, आणि सुरुवात "हे एआयचं आहे ना?" अशी करायची नाही, तसं विचारलं की एक तर रडतात नाहीतर भांडतात आणि दोन्हींतून काहीच कळत नाही. मी विचारते, यात तू काय काय लिहिणार होतास आणि मग सोडून दिलंस? ज्याने लिहिलंय त्याच्याकडे याचं उत्तर असतंच, कारण लिहिताना काहीतरी सुटतंच. ज्याने नाही लिहिलं तो निबंधात असलेलंच परत सांगायला लागतो. एक पोरगी होती, मोबाइल या विषयावरच्या निबंधात "दुधारी शस्त्र" होतं, म्हटलं हे छान आहे, कुठे ऐकलंस, तर म्हणे "मिस, असंच." म्हटलं बरं, दुधारी म्हणजे? गप्प. मग स्वतःच म्हणाली, "मिस, मी वाचलंच नाही, क्लास होता, रात्री अकराला घरी आले." त्यावर काय बोलणार! उलट एका पोराचा निबंध वाचून स्टाफरूममधल्या सगळ्यांनी एकमताने सांगितलं की हा शंभर टक्के जीपीटी, भाषा अग्रलेखासारखी, एक चूक नाही. बसवला. पठ्ठ्या धडाधड बोलत सुटला, वाक्यंसुद्धा तीच. आजोबांना मोतीबिंदू, त्यांना रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचं काम याच्याकडे, सहावीपासून. त्याची भाषा अग्रलेखाची नाही होणार तर कोणाची होणार? ब्याण्णव टक्क्यांच्या हिशोबात तो पोरगा गेला असता ना.

बोलण्यातही धोके आहेत, नाही असं नाही. काही पोरं समोर शिक्षक बसले की आपलं नावही विसरतात. त्यांना मी कागद देते, दहा मिनिटं, याच विषयावर अजून एक परिच्छेद लिही, चुकलं तर चुकू दे. हिंदी बोलायचं असेल तर हिंदीत बोल, मला भाषा तपासायची नाहीये आत्ता. दार उघडं, पण वर्गासमोर नाही, मैत्रिणींसमोर तर नाहीच. आणि फक्त संशयितांना बोलावलं की त्या खुर्चीची पोलीस चौकी होते, म्हणून मी रोल नंबरच्या चिठ्ठ्या काढते, त्यात हुशारही येतात, हुशार पोरांना तर आपल्या निबंधाबद्दल कोणी विचारलं याचंच एवढं कौतुक वाटतं.

शंभर जणांशी बोलणं होत नाही, माहितीये. त्यासाठी एक स्वस्तातली गोष्ट आहे. असाइनमेंट जमा करायच्या दिवशी वर्गातच सगळ्यांना अर्धा कागद, दहा मिनिटं, आपला निबंध न बघता लिहायचं, यातला कुठला भाग लिहायला जड गेला आणि का. हा अर्धा कागद निबंधाला टाचायचा. मी आधी तो वाचते आणि मग निबंध, आणि खरं सांगते, निम्म्या वेळा निबंधापेक्षा तो कागदच चांगला असतो. "मला शेवट जमत नव्हता कारण आईचं आणि माझं भांडण मिटलंच नाही" असं एकीने लिहिलं होतं आणि निबंधात मात्र आई म्हणजे वात्सल्यसिंधू.

मधल्या रंगाच्या केसेस सगळ्यात अवघड. "मिस, मी फक्त करेक्ट करून घेतलं." हे बऱ्याचदा खरं असतं. माझी मैत्रीण अंधेरीला एका इंग्लिश मिडियम शाळेत मराठी शिकवते, २०२० च्या कायद्यापासून राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, तिच्या वर्गात गुजराती, तमिळ, भोजपुरी बोलणाऱ्या घरांतली पोरं आहेत. ती घरी हिंदीत लिहितात आणि एआयकडून मराठी करून घेतात. विचार त्यांचा, भाषा यंत्राची. तिला मराठी शिकवायचीये त्यामुळे तिच्यासाठी ही फसवणूक आहे, पण तोच पोरगा इतिहासाच्या प्रोजेक्टला असं करत असेल तर मला काही फार वाटणार नाही. कशासाठी मार्क देतोय ते आधी ठरवायला लागतं, आणि ते आपण पोरांना सांगत नाही. मी आता सांगते, शेवटी एक ओळ लिहायची, मदत कुठे घेतली, ताई, क्लास, गाईड, एआय, जे असेल ते, त्याचे मार्क कापणार नाही. पहिल्यांदा कोणीच लिहिलं नाही, सापळा वाटला असणार. आता बऱ्यापैकी लिहितात, उरलेले थापा मारतात, चालायचंच.

डिग्रीच्या प्रोजेक्टमध्ये मात्र मी एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघते, शेवटची संदर्भांची यादी. यंत्र पुस्तकं बनवतं, लेखकाचं नाव खरं, प्रकाशन खरं, पुस्तकच अस्तित्वात नाही. न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी असे बनावट निकाल कोर्टात दिले आणि जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलरचा दंड भरला, तर एफवायच्या पोराचं काय घेऊन बसलात. मी यादीतलं कुठलंही एक पुस्तक निवडते आणि म्हणते, हे घेऊन ये, नाही मिळालं तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बघ, १८९८ पासूनचं आहे, तिथेही नसेल तर मला सांग कुठे वाचलंस. एकाने चार दिवसांनी येऊन सांगितलं, "मिस, तिथले काका म्हणाले असं पुस्तकच नाहीये." चेहरा असा पडलेला, पण त्या निमित्ताने तिथे जाऊन तर आला! मेंबर झालाय आता.

विषयच असे द्यायचे की घरात कोणाला तरी विचारावं लागेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे यंत्राला माहितीये, पण तुझी आई त्या दिवशी कुठे होती ते त्याला माहिती नाही. आईला विचार, कुठल्या स्टेशनला गाडी थांबली, पायात काय होतं, रात्री कुठे झोपली, मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड कर आणि मग लिही, खाडाखोडीचं कच्चं पानही जोड. यंत्राकडून हे खोटं लिहून घेता येत नाही असं नाही, येतं, पण त्यात आईला विचारण्यापेक्षा जास्त कष्ट आहेत. काय काय आलं! कोणाची आई ट्रॅकवरून कुर्ल्यापर्यंत चालत आली चप्पल हातात घेऊन, कोणाचे पप्पा बसच्या टपावर, एकीच्या आजीने अनोळखी सात माणसांना पिठलं भात घातला आणि त्यातला एक अजून दिवाळीला फोन करतो. एकाचे वडील तेव्हा मुंबईत नव्हतेच, लातूरला होते, त्याने लिहिलं की आमच्याकडे पाऊस नव्हता म्हणून आम्ही इकडे आलो. अशुद्धलेखन भरपूर. परळ लालबागकडच्या पोरांना मी गिरणी संप देते, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, अडीच लाख कामगार, त्यांचे पुढारी दत्ता सामंत, एवढं कुठेही मिळतं, पण आजोबा संपानंतर कुठे कामाला लागले आणि घरातलं काय विकलं हे फक्त आजीलाच माहिती असतं.

मध्येच एक सांगून टाकते. पोरांना उपदेश करताना आपण जरा जपून बोलावं, कारण कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकचे रिपोर्ट हल्ली कोण लिहितं हे स्टाफरूममधल्या सगळ्यांना माहितीये, आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत "खालीलपैकी कोणता पर्याय सर्वोत्तम प्रकारे वर्णन करतो" असा प्रश्न आला की पोरंही एकमेकांकडे बघून हसतात. त्यांनाही वास येतो.

शिक्षेचं विचाराल तर माझं साधं आहे. बोलून, लिहायला लावून, तरीही स्वतःच्या निबंधाबद्दल काही सांगताच आलं नाही तर मी "एआय वापरलं" असा शेराच मारत नाही, कारण ते मला सिद्ध करता येत नाही. मी लिहिते, "विद्यार्थ्याला स्वतःच्या लेखनाविषयी सांगता आलं नाही." हे मी डोळ्यांनी बघितलेलं असतं, पालक आले, प्रिन्सिपल आले तरी त्यावर उभी राहू शकते. मग लायब्ररीत बसून परत लिहायचं, त्याचे जे पडतील ते मार्क. दुसऱ्यांदा झालं तर शून्य, आणि एचओडींना सांगणार हे आधीच सांगितलेलं असतं.

आता बारावीच्या मराठीला ८० मार्कांचा लेखी पेपर असतो आणि २० मार्क तोंडी आणि अंतर्गतचे. ते वीस मार्क कसे दिले जातात हे मी वेगळं सांगायला नको, हजेरीपटावर अठरा, अठरा, सतरा, अठरा असं खाली उतरत जायचं. माझं विभागाच्या मीटिंगमध्ये एवढंच म्हणणं होतं की निबंधाबद्दलचं बोलणं त्या वीसमध्ये घ्या, नवीन काही नको, परवानगी नको, सर्क्युलर नको. लगेच प्रश्न आला, वेळ कुठून आणणार. तर एका पोराला तीन मिनिटं धरा, शंभर पोरांची तीनशे मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटांचे आठ तास, एका टर्ममध्ये. सायन्सवाले प्रॅक्टिकलला याच्या कितीतरी पट तास घेतात आणि त्यांना कोणी विचारत नाही वेळ कुठून आणला. एचओडी मॅडम म्हणाल्या एका डिव्हिजनला करून बघा. कॉमर्सची बी डिव्हिजन घेतलीये, पहिले बारा रोल नंबर बोर्डावर लावलेत.